लाथ, नमस्कार, लाथ

फ्लोरा, शेवटचा फोन तू माझ्या तोंडावर बंद केलास. मी वाक्याच्या मध्यावर होते. लोक हसतील, आणि एकदा हसले की तुझी नाटकातली दंगल गेली खड्ड्यात, असं काहीतरी सांगत होते, आणि पलीकडे कोणी नव्हतंच. मी चिडून भांडी घासायला घेतली. उद्या तालमीला बघते हिच्याकडे, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी फार्मसीच्या काउंटरमागे उभी असताना तुझ्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि तू तिथेच कोसळलीस. मी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला विचारलं, भांडणाने असं होतं का? तो नाही म्हणाला. दुसऱ्या डॉक्टरला विचारलं, तीही नाही म्हणाली. मग मी तो विषय बंद केला.

आपल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिही म्हणालेत. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव हे बाकीचे लिहितील. मनमिळाऊ तर तू नव्हतीसच. मला फक्त आपलं भांडण पुढे न्यायचंय.

ज्यांना तू माहीत नव्हतीस त्यांच्यासाठी एवढं सांगते. तू ठाण्याची, बेने इस्रायल. कोकणातले ज्यू. तुझ्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम वर्ज्य असल्याने बैल सोडून ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. तुझे आजोबा मोशेच्या कथेवर मराठी कीर्तन करायचे, आणि टाळ धरायला तू असायचीस. इथल्या ज्यूंना तुझं मराठी कळायचं नाही, आणि आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना तू ज्यू आहेस हे कळायला काही वर्षं लागली. गणपतीच्या आरतीला तू बाहेर पॅसेजमध्ये उभी राहायचीस आणि आरती संपली की सगळ्यांच्या आधी आत येऊन वाढायला घ्यायचीस.

ते अमेरिकन संगीत नाटक मराठीत करायचं वेड तुझं. आपण ते एकत्र पाहिलं माझ्या मुलीच्या, सईच्या, हायस्कूलमध्ये. या देशात बहुधा प्रत्येक हायस्कूल ते कधी ना कधी करतंच. रशियातल्या ज्यू खेड्यातला एक दूधवाला आणि त्याच्या पाच मुली. थोरली बापाने ठरवलेला म्हातारा खाटीक नाकारून गरीब शिंप्याशी लग्न करते, दुसरी एका क्रांतिकारकाच्या मागे जाते, तिसरी धर्माबाहेर लग्न करते आणि बाप तिला तोडतो. शेवटी सरकारी हुकूम येतो आणि सगळं खेडं घरदार सोडून निघतं. त्या दिवशी दूधवाला एक कोरियन मुलगा होता, बायको आफ्रिकन-अमेरिकन, आणि आमची सई डोक्याला रुमाल बांधून गावकऱ्यांत. माझ्या बाजूला बसलेले एक गुजराती गृहस्थ तिसऱ्या मुलीच्या वेळी उठून बाहेर गेले आणि डोळे पुसून परत आले.

परत येताना गाडीत तू मला त्याचा इतिहास सांगितलास. मुळात यिदीश भाषेतल्या जुन्या गोष्टी. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी त्यांचं नाटक केलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी तसलं खेडं पाहिलंही नव्हतं. बघायला उरलंच नव्हतं काही, नाझींनी ती खेडी माणसांसकट संपवली होती. आईबापांच्या तोंडून ऐकलेलं, इकडूनतिकडून वाचलेलं, असं गोळा करून त्यांनी ते खेडं रंगमंचावर उभं केलं. सुरुवातीला लोक म्हणत होते की हे ज्यूंशिवाय बघणार कोण. आणि मग ते जगभर गेलं, आजवर थांबलेलं नाही.

"का, सांग," तू म्हणालीस.

मी म्हटलं, त्यात काय सांगायचं. मुलींमुळे. बापाला न विचारता लग्न ठरवणाऱ्या मुली प्रत्येक देशात आहेत, आणि बापही.

"मुलींसाठी लोक तिकीट काढतात, इन्स्पेक्टर. नाटक जिवंत राहिलंय त्या एका प्रवेशामुळे."

मी कौंटीसाठी, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनासाठी, इमारती तपासते, म्हणून तू मला इन्स्पेक्टर म्हणायचीस, आणि कौतुकाने कधीच नाही. तो प्रवेश म्हणजे थोरलीच्या लग्नातला हल्ला. लग्न ऐन रंगात आलेलं असतं, नाच चालू असतो, आणि गावातलीच माणसं आत घुसून सगळं फोडतात. शाळेतल्या मुलांनी दोन खुर्च्या अलगद आडव्या केल्या होत्या. एका दंगलखोराने तर जाताजाता प्रेक्षकांतल्या आईला हात केला. तू संतापली होतीस. मॉलमध्ये सेल लागला की याहून जास्त मोडतोड होते, म्हणालीस. आणि त्याच गाडीत, हर्नडनची एक्झिट यायच्या आत, तू ठरवून टाकलंस की हे मराठीत करायचं आणि दंगल खरी करायची.

नाटकाचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांची परवानगी मिळवताना तू लोकांना पार पिडलंस. रूपांतर स्वतः केलंस, आणि चांगलं केलंस, हे तुला कधी म्हटलं नाही ते आता म्हणते. आपल्या लोकांना गाण्यासाठी गोष्ट थांबली तर चालते, उलट आवडतं. संगीत नाटकावरच वाढलेत सगळे. तो बाप मराठी बोलायला लागला तेव्हा मला तो ठाण्याचाच वाटला.

मग जोशीकाका आले. हृदयाचे सर्जन, आता निवृत्त, मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. दिवाळीचा कार्यक्रम आहे, लहान मुलं असतात, लग्नात मारामारी बरी दिसत नाही, दिवे घालवा, आवाज करा, संपलं, असं त्यांचं म्हणणं. तू म्हणालीस, "काका, तुम्ही जन्मभर छात्या उघडल्यात. तुम्हाला प्लेट फुटलेली बघवत नाही?" ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. तो प्रवेश ठेवायचा की काढायचा हे कमिटीने शेवटपर्यंत लोंबकळत ठेवलं, आणि तुझी झोप त्यातच उडाली होती. मुख्य गायिका आजारी पडली तेव्हा तू एवढी घाबरली नव्हतीस.

मीही तुझ्या बाजूची नव्हते. मी सरळ विचारलं होतं, कोकणात तुमची घरं कोणी जाळली? कोणी नाही, तू म्हणालीस. तुम्हाला कोणी मारलं? कोणी नाही. मग ही तुझी गोष्ट कशी?

"न पडलेल्या इमारतीही तपासतेस ना तू?" तू म्हणालीस. "आमच्या शेजाऱ्यांनी आम्हाला कधी हात लावला नाही. म्हणून तर मला माहितीय की ते शेजाऱ्यांच्या हातात असतं. रोज सकाळी उठून ते ठरवतात, आज नाही."

मी उठून चहा टाकला.

ज्या शनिवारी एक माणूस तुमच्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थनामंदिरात, घुसला तो तालमीचा होता. मी गराजमधून गाड्या बाहेर काढत होते आणि तुझा फोन आला, मला इमर्जन्सीत घ्यायला ये, ड्राइव्ह करता येत नाहीये, एका डोळ्यात रक्त आहे. एवढंच, जणू दूध आणायला सांगतेयस. मी पोचले तेव्हा तुझ्या भुवईला टाके पडत होते. टायर काढायची लोखंडी कांब घेऊन तो आला होता. दारातल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाचा हात त्याने कोपरात मोडला. काचेचं दार फोडलं, खिडक्या फोडल्या, कोटांचा स्टँड फोडला. लहान मुलांच्या वर्गाकडे वळला तेव्हा तू घडीची लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या अंगावर धावलीस. एक घाव खुर्चीवर बसला, दुसरा काचेवर, आणि ती काच तुझ्या कपाळात. पोलिसांनी त्याला जमिनीवर दाबलं तेव्हा तू अजून खुर्ची उगारून उभी होतीस, आणि ती तुझ्या हातातून काढायला दोन माणसं लागली.

नर्स गेल्यावर तू मला म्हणालीस, "त्याने दार धरलं होतं, मीनल."

कोणी, मी विचारलं.

"त्यानेच. एक आजी वॉकर घेऊन येत होत्या. त्याने त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं. टेक युअर टाइम म्हणाला. त्या आत गेल्या. मग त्याने तेच दार फोडलं."

मी म्हटलं, वेडा असेल. तू मान हलवलीस आणि टाका ताणला गेला म्हणून शिवी दिलीस, मराठीत, अस्सल ठाण्याची.

पुढच्या तालमीला तू डोक्याला बँडेज बांधून हजर. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेल्या चिनीमातीच्या प्लेटा मी गराजमध्ये रचल्या होत्या, सगळ्यांना डोळ्यांवर लावायला चष्मे दिले होते, जमिनीवर ताडपत्री. आपले दंगलखोर म्हणजे सगळे आयटीतले. खुर्ची उलटी करताना एकमेकांना सॉरी म्हणत होते. तू एकाच्या हातातली बॅट हिसकावलीस आणि टेबलावर अशी हाणलीस की प्लेटेचा तुकडा छताला लागला. "कोणाचं तरी लग्न आहे हे," तू ओरडलीस. "तिने वर्षभर वाट पाहिलीय. तुम्हाला ते मोडायचंय. मोडा." मला तुझी भीती वाटली, खरं सांगते. गराजच्या दारात शेजारचा अमेरिकन माणूस कुत्र्याला घेऊन थांबला आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेला.

आणि मग विनयने ते केलं. नागपूरचा विनय, क्लाउडवाला, मंडळात सगळ्यात गोड मुलगा. त्याने तुझ्या सांगण्याप्रमाणे टेबलाला लाथ घातली. टेबलावरचं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं आणि त्याचा पाय त्याला लागला. त्याचा हात आपोआप खाली गेला, पुस्तकाला लागला, छातीला लागला. नमस्कार. मग त्याने पुन्हा टेबलाला लाथ घातली. ते पुस्तक म्हणजे काळ्या कागदाचं कव्हर घातलेलं त्याचंच जुनं इंजिनिअरिंगचं पुस्तक होतं, तेही त्याला माहीत होतं.

"दंगल करायला आलायस की दर्शनाला?" तू विचारलंस. सगळे हसले.

"सॉरी काकू, हात जातो यार," तो म्हणाला. पुन्हा केलं, पुन्हा हात गेला. तिसऱ्यांदाही हात गेला. भुवईवरच्या पट्टीला हात लावून बघत राहिलीस. सगळे निघाल्यावर म्हणालीस, हे ठेवायचं. असंच. लाथ, नमस्कार, लाथ.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं, आणि तू मरेपर्यंत चाललं. मी म्हणत होते, लोक हसतील. तू म्हणत होतीस, हसू देत, हसले म्हणजे त्याला ओळखलं त्यांनी, त्यांच्या घरातला आहे तो. मी म्हटलं, हसण्याचं सोड, याहून वाईट होईल. नमस्कार पाहिला की लोक त्याला माफ करतील. म्हणतील, बिचारा मनाने चांगला आहे. तू म्हणालीस, माफ करायला वेळच मिळणार नाही, दुसरी लाथ पहिलीपेक्षा जोरात असेल. मी म्हटलं, जो पुस्तकाच्या पाया पडतो तो बाईच्या अंगावर हात टाकणार नाही. असं नसतं.

"आणि दार धरणारा?"

"तो वेडा होता, फ्लोरा."

"वेडा नव्हता. चांगल्या वळणाचा होता."

तुझं हे वाक्य मला अजूनही सहन होत नाही. माझी मुलगी चांगल्या वळणाची आहे. विनय आहे. मी आहे. तू सगळ्यांना एका ओळीत उभं केलंस आणि वर म्हणालीस की नाटकातही हल्ल्याच्या आधी फौजदार दूधवाल्याला येऊन सांगतो, बाबा रे, असं होणार आहे, माझा नाइलाज आहे. तोही चांगल्या वळणाचाच. त्यावर मी काय बोलले ते तुझ्या कानापर्यंत पोचलं की नाही मला माहीत नाही. बहुधा तोवर तू फोन बंद केला होतास.

तुमच्यात लगेच पुरतात. साधी पाइनची पेटी होती, लोखंडाचा खिळा नाही, लाकडी खुंट्या. कामाच्या सवयीने मी सांधे तपासले. चांगले होते. रब्बीने, तुमच्या धर्मगुरूने, सांगितलं की पहिली माती फावड्याच्या उलट्या बाजूने टाकायची, म्हणजे हे काम आपण नाइलाजाने करतोय हे दिसावं. फावडं हातातून हातात द्यायचं नाही, मातीत खोचायचं, पुढच्याने उचलायचं. पहिलं ढेकूळ पेटीवर पडलं त्याचा आवाज दारावर कोणी बुक्की मारावी तसा. मी उलट्या बाजूने एकदा टाकली. मग सरळ बाजूने टाकत राहिले. मला राग आला होता आणि हातात फावडं होतं. खांदा भरून आला तरी खोचलं नाही. शेवटी तुझ्या भावाने, बेनीने, माझ्या दंडाला धरून बाजूला केलं.

बेनी इस्रायलमधून आला होता. जन्मभर तिथे ॲम्ब्युलन्स चालवली त्याने. सुतकाचे सात दिवस तुझ्या घरी जमिनीलगत बसून राहिला आणि लोक येऊन जात होते. मी रोज डबा नेत होते आणि तो रोज त्यात मीठ कमी आहे म्हणत होता. तुमच्या घरात तो गुण आहेच.

त्या आठवड्यातच कमिटी बसली. जोशीकाका खरोखर रडले, मग म्हणाले की फ्लोराच्या आठवणीसाठी प्रयोग करूच, पण तो प्रवेश आता नको. तिच्यावर हल्ला झाला होता, ते बरं दिसणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझ्याच नावाने तुझा प्रवेश कापायला निघाले होते. मी म्हटलं, सेट माझ्या गराजमध्ये आहे, हॉलचा फायर परमिट माझ्या सहीचा आहे, दिव्यांचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. प्रवेश जाणार असेल तर हे सगळं घरी राहील. कोणी तरी म्हणालं, मीनल, ही काय बोलायची पद्धत झाली? मी म्हटलं, माझी. जोशीकाका बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, ठीक आहे, मुलांना मागे बसवू.

बाहेर पार्किंगमध्ये विनय थांबला होता. त्याने विचारलं, "काकू, आता तुम्हीच डायरेक्टर. नमस्कार ठेवू की काढू?"

काढ म्हटलं असतं तर त्याने काढला असता. हवं ते मिळत होतं मला, फुकट. पण समोरचा माणूस नसताना वाद जिंकणं मला जमत नाही. मी म्हटलं, ठेव, आणि दुसरी लाथ नीट मार, तालमीत मारतोस तशी पुळचट नको.

बेनीचे सात दिवस संपले होते, पण महिनाभर त्याला गाणंबजावणं वर्ज्य. नाटक संगीत, म्हणजे तो बघू शकत नव्हता. तरी हॉलवर आला. लॉबीत बसला आणि मला म्हणाला, ज्या प्रवेशासाठी ती भांडत होती त्यात गाणं आहे का? मी म्हटलं, ते आत घुसले की वाद्यं थांबतात. मग तेवढ्यापुरतं मला आत घे, म्हणाला. मी पडद्यामागची जागा सईला दिली आणि नाच थांबल्याबरोबर त्याला मागच्या दारातून आत घेतलं.

फ्लोरा, त्यांनी मोडलं. पहिली बॅट प्लेटांवर बसली तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकूंनी कानांवर हात ठेवले. उशा फाडल्या, नवरीची पेटी आपटली, म्हाताऱ्या गायकाला ढकललं तो खरोखर गुडघ्यावर पडला. विनयने टेबलाला लाथ घातली. पुस्तक पडलं. पाय लागला. हात खाली गेला, छातीला लागला. आणि हॉल हसला. मी म्हटलं होतं तसाच, मोकळं, घरगुती हसू. ते हसू हवेत असतानाच त्याने दुसरी लाथ मारली, टेबलाचा पाय तुटला आणि ते नवरीच्या अंगावर गेलं. ती किंचाळली. ते नाटकातलं नव्हतं. हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. मागून एक मूल स्पष्ट म्हणालं, "बाबा, व्हाय डिड यू लाफ?" पडदा पडला तरी टाळी वाजली नाही.

नवरीला मनगटावर खरचटलं होतं. मी बर्फ लावला आणि लॉबीत आले. बेनी भिंतीला टेकून उभा होता, चेहरा लाल.

म्हणाला, खोटं आहे हे. ॲम्ब्युलन्समध्ये मी मार खाल्लेली माणसं उचललीत आणि मारणारेही उचललेत. मारणाऱ्याचा हात असा मध्ये थांबत नाही. नमस्कार कसला करतो? तो पोरगा चांगला वाटायला लागतो त्याने. माझ्या बहिणीला हे कळत नव्हतं का?

हे सगळे माझेच मुद्दे होते, जवळजवळ शब्द न शब्द. आणि मी त्याच्यावर तुटून पडले. कळत होतं तिला, मी म्हटलं. तिने पाहिलं होतं. ज्याने तिचं कपाळ फोडलं त्याने आधी एका म्हातारीसाठी दार धरलं होतं.

कोणी फोडलं, बेनीने विचारलं. मग म्हणाला, ती तर पायरीवर पडली म्हणून टाके पडले. मला तसंच सांगितलं तिने. घरी भेटायला आलेल्यांपैकीही कोणी दुसरं काही बोललं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. कांब, स्वयंसेवकाचा हात, मुलांचा वर्ग, तुझ्या हातातली खुर्ची. तू का लपवलंस हे मी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तो विमानाने येऊन बसला असता. बसला असताच. तो ऐकत होता आणि त्याचा हात भिंतीवर हळूहळू आपटत होता. मग त्याने मोठ्याने विचारलं, लॉबीत चहा पिणारे लोक वळून बघायला लागले, "तरी एका वेड्यावरून सगळ्यांना कसं धरता येईल? सगळे असे असतात का?"

वेडा नव्हता, मी म्हटलं. चांगल्या वळणाचा होता.

दुसऱ्या अंकाची घंटा झाली. मला आत जायचं होतं. बेनीने माझी वाट अडवली. म्हणाला, "तुला पटतंय हे? तू खरंच तिच्या बाजूची आहेस?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मी तिच्या विरुद्ध आहे. आमचं भांडण चालू आहे, बेनी. तू मध्ये पडू नकोस."